आधी झोप, मग पाचारण

पत्र थोडक्यात असे: ‘माझे वय ३९. एका खासगी कंपनीत लेखा विभागात काम करते. घरी पती, शाळेत जाणारी दोन मुले आणि सासूबाई आहेत. आठवड्याचे सहा दिवस ऑफिस. रविवारी सकाळी मंडळीत (चर्चमध्ये) संडे स्कूल घेते, उपासनेत गायनवृंदात गाते, आणि उपासनेनंतरच्या अल्पोपाहाराची व्यवस्थाही बहुतेक वेळा माझ्याकडेच असते. वर्षभर सतत थकवा आहे. प्रार्थनेला बसले की डोळा लागतो आणि मग दिवसभर अपराधी वाटते. मंडळीत सगळे मला ओळखतात, पण मन मोकळे करावे असे एकही माणूस नाही. महिला मंडळातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी “तू मार्था झाली आहेस, मरिया हो” असे चारचौघींत सुनावले (बायबलमधल्या या दोघी बहिणी: मार्था कामात गुंतलेली, मरिया प्रभूच्या पायाशी बसून ऐकणारी). ऑफिसात आकडे जुळवताना वाटते, यात देवाच्या राज्याचे काय? नोकरी सोडून पूर्णवेळ सेवा करावी का? की मंडळीतलीच कामे सोडावीत? माझे पाचारण, म्हणजे देवाने मला बोलावून दिलेले काम, नेमके कोणते?’

प्रिय ताई,

सप्रेम सलाम. तुमच्या मूळ पत्रात पाचारणाबद्दल दोन पाने आहेत आणि झोपेबद्दल अर्धी ओळ: ‘साडेअकराच्या आत पाठ टेकत नाही, पाचला उठते.’ मी त्या अर्ध्या ओळीपासून सुरुवात करते.

१ राजे १९ वा अध्याय काढा. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय पाहिलेला संदेष्टा एलीया ईजबेल राणीच्या एका धमकीने रानात पळतो, झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, आता पुरे, माझा प्राण घे. मी केले त्याचा उपयोग काय आणि माझ्याबरोबर आहे कोण, हे तुमचेच दोन प्रश्न त्याच्याही मनात आहेत. देव तिथे त्याच्याशी पाचारणावर एक शब्द बोलत नाही. एलीया झोपतो. देवदूत त्याला उठवून खायला घालतो. तो पुन्हा झोपतो. दूत पुन्हा उठवतो, पुन्हा खायला घालतो, कारण पुढची वाट लांबची आहे. चाळीस दिवस आणि चाळीस रात्री चालून तो होरेब डोंगरापाशी पोहोचतो, तेव्हा कुठे ‘एलीया, तू इथे काय करतोस?’ हा प्रश्न येतो. त्यानंतर त्याला काम मिळते, सोबतीला अलीशा मिळतो, आणि ‘मी एकटाच उरलो’ या तक्रारीवर उत्तर येते की बआल दैवतापुढे गुडघे न टेकलेली सात हजार माणसे अजून आहेत.

तुम्ही हा क्रम उलटा लावला आहे. पाचारणाचा उलगडा झाला की मन शांत होईल, मन शांत झाले की झोप लागेल, असा तुमचा हिशोब दिसतो. साडेपाच तास झोपणाऱ्या माणसाने आयुष्याच्या हेतूबद्दल काढलेल्या निष्कर्षांवर मी तरी फार भरवसा ठेवणार नाही. म्हणून पहिले काम अगदी साधे: डॉक्टरांकडे जा. रक्तातले लोहाचे प्रमाण, थायरॉईड, साखर, सगळे तपासून घ्या. स्त्रियांमध्ये रक्तक्षय आणि थायरॉईडच्या तक्रारी इतक्या सर्रास आढळतात की वर्षभराच्या थकव्याला ‘आत्मिक कोरडेपणा’ म्हणण्याआधी त्या वगळलेल्या बऱ्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या रोगवर्गीकरणात ‘बर्नआउट’ची नोंद केली. तिथे त्याला आजार न म्हणता कामाशी निगडित अवस्था म्हटले आहे आणि तीन खुणा सांगितल्या आहेत: शक्ती आटणे, कामाविषयी मन विटणे किंवा कडवट होणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. तुमच्या पत्रात मला तिन्ही दिसल्या. यापुढे कशातच आनंद वाटेनासा झाला किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठायला उशीर करू नका. तसे केल्याने विश्वास कमी पडला असे होत नाही. एलीयाने तर मरण मागितले होते, आणि त्याला कुणी दटावले नाही.

प्रार्थनेत डोळा लागण्याचे ओझे मात्र आजच खाली ठेवा. प्रेषितांची कृत्ये, विसावा अध्याय. आठवड्याचा पहिला दिवस, रात्रीची वेळ, पौलाचे भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबलेले, आणि खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण पेंगत पेंगत तिसऱ्या मजल्यावरून खाली पडतो. पौलाने त्याला बोल लावला असे हे पुस्तक लिहिणारा लूक सांगत नाही. पौल खाली उतरला, त्याला कवटाळले, आणि तो जिवंत आहे म्हणून सगळ्यांना धीर दिला. (भाषण आवरते घेतले असेही लिहिलेले नाही, ती गोष्ट वेगळी.) सकाळी पाचची वेळ तुम्हाला झेपत नसेल तर ती वेळ काही पवित्र शास्त्रात ठरवून दिलेली नाही. ऑफिसला जाता-येता एक स्तोत्र मनात घोळवा, जेवणाच्या सुटीत दोन मिनिटे डोळे मिटा, रात्री अंथरुणावर ‘मी स्वस्थपणे पडून लगेच झोपी जातो’ म्हणणारे चौथे स्तोत्र म्हणा आणि खरेच झोपी जा.

आता विसाव्याविषयी. ‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हाला विसावा देईन’ हे प्रभूचे वचन तुम्ही लिहिले आहे आणि पुढे विचारले आहे की मग मला विसावा का मिळत नाही. तुमच्या बोलण्यात एक गृहीत धरलेली गोष्ट आहे: विसावा हा तुमच्या आणि प्रभूच्या मधला खासगी मामला आहे, तुम्ही नीट प्रार्थना केलीत तर तो मिळेल आणि नाही मिळाला तर चूक तुमची. शब्बाथाची, म्हणजे सातव्या दिवशी विसावा घेण्याची, आज्ञा वाचून पाहा, ती एकट्या माणसाला दिलेली नाही. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझी गुरे, तुझ्या वेशीच्या आतला उपरा, असा अख्ख्या घराचा पट तिथे मांडला आहे. अनुवाद या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात तर कारणही दिले आहे: दासदासींनाही तुझ्यासारखा विसावा मिळावा, कारण तूही मिसरात दास होतास.

त्या यादीत बायकोचा वेगळा उल्लेख नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल. ‘तू’ या शब्दात नवरा-बायको दोघेही येतात असे पुष्कळ अभ्यासक मानतात आणि मलाही ते पटते. पण आपल्या घरांमध्ये ही आज्ञा अशी पाळली जाते, जणू आईला त्यातून खरोखरच वगळले आहे. सगळ्यांची सुटी म्हणजे तिच्या कामाचा सर्वांत मोठा दिवस. एकीच्या राबण्यावर बाकीच्या घराने घेतलेली विश्रांती शब्बाथाच्या व्याख्येत बसत नाही, हे मी जरा ठासून सांगते, कारण उपदेशांत ते क्वचित ऐकू येते.

म्हणजे करायचे काय? पतीशी बोला, आणि ‘मला मदत करत जा’ एवढे मोघम बोलू नका. मान्नाची, रानात इस्राएलांना देवाकडून मिळणाऱ्या अन्नाची, गोष्ट आठवा. सातव्या दिवशी रानात काही मिळणार नव्हते म्हणून सहाव्या दिवशी प्रत्येकाने दुप्पट गोळा करायचे होते. विसाव्याची तयारी आदल्या दिवशी करावी लागते आणि ती सगळ्यांनी करायची असते. शनिवारी संध्याकाळी घरातल्या प्रत्येकाकडे एक काम द्या: गणवेश, भांडी, सासूबाईंची आठवड्याची औषधे लावून ठेवणे, उद्याच्या स्वयंपाकाची तयारी. सासूबाईंनाही विचारा. म्हाताऱ्या माणसाला काम सांगणे म्हणजे अनादर असे आपण धरून चालतो. त्यांच्या हाताला जमेल असे काम दिले तर त्या खूश होतील अशीही शक्यता आहे. शाळकरी मुले तर नक्कीच काही करू शकतात. मग रविवारची दुपार, एक ते सहा, तुमची. त्या वेळात झोपा, वाचा, चालायला जा, काहीच करू नका. पूर्ण दिवसाचा हट्ट सुरुवातीला धरू नका. पाच तास सांभाळता आले की पुढचे बघू.

आणि हो, पहिले तीन-चार रविवार हे फसेल. कुणाचे तरी मोजे सापडणार नाहीत आणि तुम्ही उठाल. मार्काच्या सहाव्या अध्यायात प्रभू शिष्यांना म्हणतो, एकांती चला आणि थोडा विसावा घ्या. ते नावेने पोहोचतात तो लोक आधीच येऊन थांबलेले. त्या दिवशी विसावा हुकला. पण त्याच संध्याकाळी त्याने शिष्यांना नावेत बसवून पुढे धाडले, लोकांना निरोप दिला आणि तो डोंगरावर प्रार्थनेला निघून गेला. लोकांच्या गरजा तेव्हाही संपल्या नव्हत्या.

रविवार तुमच्यासाठी कामाचा दिवस झाला आहे, हेही मान्य करू. पुष्कळ पाळक सोमवारी सुटी घेतात, कारण रविवारी ते राबलेले असतात. संडे स्कूल, गायन आणि अल्पोपाहार एका सकाळी सांभाळणाऱ्या बाईला मात्र सोमवारी नऊ वाजता ऑफिसात हजर व्हायचे असते. तुम्ही लिहिले आहे की गाताना सगळे विसरायला होते. मग गायनवृंद सोडू नका. अल्पोपाहाराचे काम लगेच सोडा; ते पाळीपाळीने कोणालाही करता येते, पुरुषांनाही. संडे स्कूल निम्मे करा. एखादी तरुण मुलगी किंवा मुलगा सहशिक्षक म्हणून घ्या, एक रविवार तुमचा, एक त्यांचा. पाळकसाहेबांना हे सांगताना थकव्याची माफी मागू नका. सरळ म्हणा: ‘पुढच्या सत्रापासून मी महिन्यातून दोनच रविवार वर्ग घेईन. बाकीच्या दोन रविवारी मला उपासनेत पहिल्यापासून शेवटपर्यंत बसायचे आहे. माझ्या जोडीला कोण येईल, हे आपण मिळून ठरवू.’ ते नाराज झाले तर इथ्रोची आठवण द्या. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करत बसलेला पाहून सासऱ्याने स्पष्ट सांगितले होते की तू करतोस ते ठीक नाही, तूही झिजशील आणि हे लोकही. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेमले गेले.

त्या वडीलधाऱ्या बाईंचे बोलणे तुम्हाला लागले आहे. लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभू मार्थाला बोलला ते तिने तक्रार केल्यावर, मरियेला कामाला लावा असे त्यालाच सांगितल्यावर. तिची काळजी आणि दगदग त्याने दाखवून दिली. तिच्या वाढण्याला नावे ठेवली नाहीत. योहानाच्या अकराव्या अध्यायात ‘तू ख्रिस्त, देवाचा पुत्र आहेस’ ही कबुली हीच मार्था देते, पेत्राच्या तोडीची. बाराव्या अध्यायात बेथानीत पुन्हा मेजवानी आहे, आणि मार्था पुन्हा वाढते आहे. तिथे तिला कोणी काही म्हणत नाही आणि तीही कुरकुर करत नाही. तेव्हा मार्था असण्याचे वाईट वाटून घेऊ नका. त्या बाईंना मात्र संडे स्कूलच्या एका वर्गाबद्दल जरूर विचारा. मी हे अर्धे गमतीने म्हणते आहे.

मन मोकळे करावे असे माणूस नाही, हे तुमच्या पत्रातले सर्वांत दुखरे वाक्य. मंडळीत तुम्हाला सगळे ओळखतात ते कामावरून. वर्ग घेणारी, गाणारी, डबे मोजणारी. देणारीच्या भूमिकेत असलेल्या माणसाला काही हवे असेल, हे इतरांच्या ध्यानातच येत नाही. तुम्ही कधी कोणाकडे काही मागितले आहे का? प्रार्थनेच्या व्हॉट्सॲप गटावर ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ लिहिणे आणि समोरून हात जोडलेल्यांची रांग येणे, याला मी मागणे म्हणत नाही. ‘गुरुवारी सासूबाईंना तपासणीला न्यायचे आहे, तुम्ही सोबत याल का?’ हे मागणे झाले. एकमेकांची ओझी वाहा, असे गलतीकरांस पत्रात लिहिले आहे. आपले ओझे पदराखाली झाकून ठेवले तर दुसरा वाहणार कसे?

नवा गट काढू नका, नवी सभा तर मुळीच नको. एक किंवा दोन बाया निवडा. शक्य तर त्यातली एक नोकरी करणारी असू दे आणि दुसरी तुमच्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठी, जिची मुले वाढून गेली आहेत. पंधरा दिवसांतून एक तास भेटा. तयार पाठ नको, चिंतन नको. आपापले कसे चालले आहे ते बोला, एकमेकींसाठी मोठ्याने प्रार्थना करा, उठा. निवडताना एक पारख करा: ही बाई माझ्यापाशी इतरांचे ‘प्रार्थनेचे विषय’ सांगत असते का? सांगत असेल तर तुमचाही विषय दुपारपर्यंत सगळ्या मंडळीत पोहोचेल. आपल्या मंडळीत अशी कोणी मिळत नसेल तर दुसऱ्या मंडळीतली, ऑफिसातली, शेजारची चालेल. विश्वास वेगळा असलेली सहकारी तुमच्यासाठी प्रार्थना करणार नाही कदाचित, पण ती तुमचे ऐकून घेईल, आणि तेही थोडे नाही.

ज्या एकट्या आहेत, अविवाहित किंवा विधवा, त्यांची अडचण याच्या उलट असते. त्यांना घर नाही म्हणजे वेळच वेळ, असे मंडळी धरून चालते आणि प्रत्येक समितीत त्यांचे नाव घालते. त्यांनीही ‘नाही’ म्हणताना नवरा-मुलांचे कारण असायला हवे असे नाही. ‘त्या संध्याकाळी मी विश्रांती घेते’ हे कारण पुरते. आणि रुग्णालयात किंवा पाळीच्या नोकरीत असलेल्या ज्या बहिणींना रविवारच मिळत नाही, त्यांच्यासाठी इतिहासातला एक तपशील: रविवारच्या विश्रांतीचा हुकूम रोमी सम्राट कॉन्स्टंटाईनने इ. स. ३२१ मध्ये काढला. त्याआधीच्या विश्वासणाऱ्यांना, ज्यांत कितीतरी दास होते, रविवारी कामावर जावेच लागे. इ. स. ११२च्या सुमारास प्लिनी नावाच्या रोमी अधिकाऱ्याने सम्राट त्राजानाला लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात असे लिहिले आहे. तुमचा विसाव्याचा दिवस बुधवार असेल तर बुधवार. मात्र तो ठरलेला असू द्या, आणि त्या आठवड्यात सहभागितेसाठी कुठली तरी एक संध्याकाळ शोधा.

आता आकड्यांमध्ये देवाच्या राज्याचे काय, हा प्रश्न. लेखा विभागातल्या बाईने हा विचारावा याची मला गंमत वाटली. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात खरी तागडी आणि खरी मापे ठेवा असे आहे. त्याच अध्यायात मजुराची मजुरी रात्रभर आपल्यापाशी ठेवू नको असेही आहे. नीतिसूत्रे सांगतात, खोट्या तागडीचा परमेश्वराला वीट आहे. याकोबाच्या पत्रात अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे. पगाराची यादी वेळेवर पुढे सरकवणे, छोट्या पुरवठादाराचे बिल तीन महिने दाबून न ठेवणे, वरून सांगितले तरी खोट्या नोंदीवर सही न करणे, हे सगळे तुमच्या टेबलावर रोज येते. देवाने ज्याविषयी इतके स्पष्ट सांगितले आहे ते काम तुम्ही करता. लुदिया जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करत होती. तिचा बाप्तिस्मा झाला, तिने पौलाला घरी उतरवून घेतले, पण दुकान बंद केले असे कुठे लिहिलेले नाही. प्रिस्किल्ला नवऱ्याबरोबर आणि पौलाबरोबर राहुट्या करत होती आणि अपुल्लोसारख्या विद्वानाला शिकवतही होती.

एक सावधगिरी. ‘जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा’ हे कलस्सैकरांस पत्रातले वचन बायकांना आणखी राबवायला फार वापरतात. ते दासांना उद्देशून आहे आणि लगेच पुढे धन्यांनाही बजावले आहे की न्यायाने व समतेने वागा. दुसरे वाक्य गाळून पहिले सांगणाऱ्याचे ऐकू नका, तो तुमचा साहेब असो की मंडळीतला कोणी.

राजीनामा सहा महिने पुढे ढकला. तोवर झोप सात तासांवर आणा, रविवारची दुपार सांभाळा, त्या एका-दोघींना भेटत राहा. मग पतीबरोबर कागद घेऊन बसा आणि लिहा: तुमच्या पगाराविना घर कसे चालेल, सहा महिन्यांच्या खर्चाएवढी पुंजी बाजूला आहे का, मुलांच्या शिक्षणाचे काय, म्हातारपणाचे काय. साठलेली रजा घेऊन दोन आठवडे ते पूर्णवेळचे काम प्रत्यक्ष करून पाहा. त्यानंतरही ओढ तशीच राहिली तर जा, माझा विरोध नाही. फक्त जाण्याआधी पाळकांना आणि समितीला विचारा की काम नेमके कोणते, किती तासांचे, उत्तर कोणाला द्यायचे आणि मानधन किती. बायकांची ‘पूर्णवेळ सेवा’ बिनपगारी असणार असे परस्पर गृहीत धरले जाते, आणि सेवा म्हटली की पैशाचे बोलू नये हा संकोचही आपल्यालाच जास्त शिकवला जातो. कामकरी आपल्या मजुरीस योग्य आहे, हे प्रभूचेच शब्द आहेत. तुम्ही पैशाचे बोला, आणि ठरेल ते लेखी घ्या.